रेघेपर्यंत

टू-स्ट्रोक इंजिन जाम होतं तेव्हा धडाका वगैरे काही होत नाही. किंचाळत चाललेला आवाज मध्येच तुटतो आणि पाठोपाठ मागचं चाक फरफटल्याचं ऐकू येतं. त्या रविवारी सराव चालू होता. मी टायरांच्या ढिगाजवळ उभा होतो आणि धाकटी सरळ पट्टीवरून पूर्ण वेगाने येत होती. आवाज तुटला. तिने क्लच दाबला, डुलणारी गाडी सावरली आणि हेल्मेट काढायच्या आधीच माझ्याकडे बघून गळ्यावरून बोट फिरवलं. मेलं म्हणून.

धाकटी म्हणजे माझी मेव्हणी, बायकोची बहीण. घरात सगळे तिला धाकटीच म्हणतात. आठवडाभर ती शाळेची बस चालवते, तीही इतकी सांभाळून की सायकलवाले मागून घंटी वाजवतात. सुट्टीच्या दिवशी मात्र आमच्या पन्नास सीसीच्या गाडीवर बसली की तिच्या अंगात येतं. मी लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्या शर्यतीत कोणी मोठं नाही. बंद पडलेल्या विमानतळाची जुनी धावपट्टी, टायर रचून केलेली वळणं, आणि बक्षीस म्हणून एक पितळी कप, जो जिंकणाऱ्याने वर्षभर घरी ठेवून परत आणून द्यायचा. गेली दोन वर्षं तो एका बेकरीवाल्याच्या दुकानात बिस्किटांच्या बरण्यांमध्ये उभा आहे.

गाडी ढकलत आडोशाला आणली आणि मी हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, उघडलं. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर खोल ओरखडे. नखाने चाचपडून बघायची गरज नव्हती, लांबूनच दिसत होते.

"आतून कातून, बोअर करून?" धाकटीने विचारलं.

"शेवटच्या मापापर्यंत आधीच झालंय. आणखी मोठा केला तर पन्नासच्या नियमात बसत नाही."

"नवीन?"

"हे मॉडेल बंद होऊन किती वर्षं झाली."

तिसरं उत्तर दोघांना माहीत होतं आणि ते माझ्या कपाटावर बिस्किटाच्या डब्यात होतं.

शेवटी तीच बोलली. "भाऊजी, ताईचा सिलिंडर काढा."

"तो पुरा झालेला नाही."

"म्हणूनच म्हणते. काढा आणि पुरा करा. पुढच्या रविवारी शर्यत आहे."

इथे थोडं सांगायला हवं. माझी बायको दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. कवळ्या बनवायची. डॉक्टर मापं पाठवायचे आणि ती बारीक ग्राइंडरने एकेक दात घासून बसता करायची. लॅबने एकदा जुना ग्राइंडर टाकायला काढला, तो ती घरी घेऊन आली आणि त्या दिवसापासून आमच्या इंजिनाचं नशीब पालटलं. कार्ब्युरेटर, त्यातून पेट्रोल सोडणारा जेट आणि प्लग हे माझं खातं, सिलिंडर तिचं. मी गॅलरीत पेट्रोलच्या वासात, ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर दिव्याखाली. एकमेकांच्या खात्यात कोणी नाक खुपसायचं नाही, म्हणून आमचं भांडणही कधी झालं नाही. म्हणजे इंजिनावरून झालं नाही.

सिलिंडरच्या भिंतीत खिडकीसारखी भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन खाली उतरला की धूर बाहेर जायची खिडकी उघडते. तिची वरची कड जितकी उंच, तितकी ती लवकर उघडते आणि इंजिन वरच्या वेगात तितकं जास्त ओरडतं. पण फार उंच झाली की खालचा पिकअप मरतो, वळणातून गाडी उठतच नाही. कुठे थांबायचं ते माहीत असणं म्हणजेच सगळी कला. बायको म्हणायची, "दात आणि पोर्ट सारखेच. घासलेला परत उगवत नाही."

तो शेवटचा सिलिंडर तिने आजारपणाच्या आधी घ्यायला लावला होता. कुठल्याशा भंगारातून आणलेला, पण बोअर कोरं, आतून एकदाही न कातलेलं. बाकीच्या खिडक्या तिने घासून पुऱ्या केल्या. धुराच्या खिडकीवर निळी शाई लावून सुईने रेघ ओढली आणि डावी अर्धी बाजू रेघेपर्यंत घासली. मग हाताला मुंग्या यायला लागल्या. तिने सिलिंडर फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळला, डब्यात ठेवला आणि म्हणाली, "हात लावू नका हं, मीच करीन." त्यानंतर ती दवाखान्यात गेली आणि मग दवाखान्यातून परत आलीच नाही.

तेव्हापासून मी डबा उघडला नव्हता. धूळ पुसायला खाली काढायचो आणि परत वर ठेवायचो.

"तिने हात लावू नका म्हणून सांगितलंय," मी म्हणालो.

"सांगितलं होतं. पण तिने फुलदाणी बनवली नव्हती भाऊजी. तो वाजायला बनवला होता."

मला भीती होती, आणि ती शर्यतीची नव्हती. तिने जगात शेवटचं हातात घेतलेलं काम ते. माझा हात एकदा रेघेच्या पलीकडे घसरला की ते भंगार, आणि तसलं दुसरं कुठून आणणार?

तरी मी डबा उघडला. सोमवारी कामावरून आलो, हात धुतले, धाकटीला बोलावलं आणि टेबलावर फडकं सोडलं. सिलिंडरला अजून तेलाचा हात होता, गंजाचा एक ठिपका नाही. निळी शाई थोडी फिकी झाली होती. रेघ मात्र स्वच्छ. डाव्या बाजूला धातू अगदी तिथपर्यंत येऊन थांबलेला, उजव्या बाजूला थोडा धातू शिल्लक. केसांचा भांग अर्धाच पाडून कोणी उठून गेल्यासारखं दिसत होतं ते.

"रेघेपर्यंत," धाकटी म्हणाली. "एवढंच तर आहे. रेघ तिची, हात तुमचा."

"टॉर्च नीट धर. हलवू नकोस."

ग्राइंडर चालू केला आणि घरभर दातांच्या डॉक्टरकडचा तो आवाज भरला. धाकटीने एका हाताने टॉर्च धरली आणि दुसऱ्या हाताने स्वतःचा गाल.

"काय झालं?"

"दाढ ठणकायला लागली, तुमच्या आवाजाने."

मी जरासा घासायचो, थांबायचो, फुंकर मारायचो, बघायचो. सोमवारी थोडं झालं, मंगळवारी थोडं. बुधवारी मात्र हाताला लय सापडली आणि मला कित्येक महिन्यांनी भूक लागली. खरी भूक. काम अर्धं टाकून मी उभ्या उभ्या दोन उकडलेली अंडी खाल्ली आणि परत बसलो. धातूची बारीक धूळ उडत होती, निळी शाई कडेकडेने कमी होत होती आणि रेघ जवळ येत होती. गुरुवारी संध्याकाळी धाकटी एकदम ओरडली, "बास!" आणि मी हात वर केले. बँक लुटायला आलेल्यांसमोर करतात तसे.

दोन्ही बाजू रेघेला टेकल्या होत्या. कुठे पलीकडे गेलेलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

सिलिंडरच्या मापाचा पिस्टन त्याच डब्यात होता; शुक्रवारी पार्ट्सच्या दुकानातून त्याची नवीन रिंग आणि गॅस्केटचं पाकीट आणलं. सिलिंडर इंजिनाच्या खालच्या भागावर बसतो, त्या दोन धातूंच्या मध्ये हे गॅस्केट घालायचं म्हणजे हवा गळत नाही. काळं होतं, छान जाडजूड. बसवलं, बोल्ट कसले आणि गॅलरीतच एकदा किक मारली. पहिल्या किकला चालू! वरच्या मजल्यावरच्या आजींनी खिडकीतून डोकं काढलं.

"चालू झाली का रे परत तुमची पिपाणी?"

"झाली, आजी!"

"बरं झालं. फार शांतता झाली होती इकडे."

शनिवारी सकाळी धावपट्टीवर गेलो. बेकरीवाला आधीच आलेला. त्याच्या लाल गाडीवर पिठाचा एक कण सापडणार नाही, अंगावर मात्र पीठच पीठ.

"लिफ्टवाले, आलात? गाडी आज वर जाणार का मध्येच अडकणार?"

"तू जिने चढायची तयारी ठेव," मी म्हणालो.

धाकटी निघाली. सरळ पट्टीवर पोचली तेव्हा असा आवाज आला की सगळ्यांनी माना वळवल्या. असा उंच सूर मी आमच्या गाडीचा कधी ऐकला नव्हता. पण मग वळण आलं. वेग कमी झाला आणि आवाज घशात अडकल्यासारखा घोगरा झाला. घर्र, घर्र, घर्र. बेकरीवाला तिच्या बाजूने आरामात निघून गेला, जाता जाता हातसुद्धा हलवून. बऱ्याच वेळाने आमच्या गाडीचा घसा मोकळा झाला आणि ती किंचाळत सुटली, तोवर पुढचं वळण हजर.

धाकटी परत आली ती घामाघूम. "खाली काहीच नाही भाऊजी. मेलेल्या घोड्यावर बसल्यासारखं. आणि मग एकदम जिवंत होऊन लाथ मारतंय."

मी जेट बदलला. मोठा लावला, लहान लावला. कार्ब्युरेटरची सुई वर केली, खाली केली. प्लग काढून बघितला तर रंग चहासारखा, अगदी हवा तसा. म्हणजे माझ्या खात्यात चूक नव्हती. चूक तिच्या खात्यात होती, आणि त्या खात्यात मी हात घातला होता.

बेकरीवाला चहाचा पेला घेऊन आला. थट्टा करायला आला होता, पण माझं तोंड बघून त्याने आवाज उतरवला. "पोर्ट उंच गेलाय वाटतं. होतं असं. माझा एक असाच वाया गेला होता."

वाया हा शब्द माझ्या कानात घरापर्यंत आला.

घरी आल्यावर मी गाडी टेबलाशेजारी उभी केली आणि सिलिंडर काढला. काढताना ते काळं गॅस्केट चिकटून बसलं होतं, ते फाटलं. कडा तपासल्या. भिंग लावून तपासल्या. दोन्ही बाजू रेघेवरच होत्या.

"मी रेघेबाहेर गेलो नाही," मी म्हणालो. "म्हणजे रेघच..."

"रेघच काय?"

"आजारी होती तेव्हा ती. हाताला मुंग्या येत होत्या. चुकली असेल रेघ."

धाकटीने हातातलं हेल्मेट टेबलावर असं आदळलं की टेबल डुगडुगलं. "ताईची रेघ चुकली? अर्ध्या गावाच्या तोंडात तिचे दात आहेत भाऊजी! एकाची तरी कवळी निसटून ताटात पडल्याचं ऐकलंय कधी? जेट बदलून बदलून डोकं फिरलंय तुमचं. रेघ चुकली म्हणे!"

"मग तू सांग काय चुकलंय!"

"मला काय माहीत? मी बस चालवते!"

मी फाटलेलं गॅस्केट खरवडायला लागलो, काहीतरी करायला हवं म्हणून. दुकान बंद झालं होतं, दुसरा दिवस शर्यतीचा. उद्या भाग घ्यायचा तरी गॅस्केट हवंच होतं.

"आता हेही नाही," मी म्हणालो.

"ताई कुठून आणायची?"

"काय?"

"गॅस्केट. ताई कुठल्या दुकानातून आणायची?"

ती दुकानातून आणायचीच नाही. सिलिंडर बसवायचं काम तिचं होतं, मी त्यात कधी डोकावलो नव्हतो. पण आवाज माहीत होता. मी गॅलरीत कार्ब्युरेटर धूत असायचो आणि आतून लहान हातोडीचा आवाज यायचा. टक टक टक टक, हलका, न थांबता. मला वाटायचं काहीतरी ठोकतेय.

"ती घरीच बनवायची," मी म्हणालो. "केसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागाच्या, तोंडावर कागद ठेवून कडेने ठोकलं की धातूच्या धारेने कागद कापला जातो. पण कागद कसला?"

धाकटीने खोलीभर नजर फिरवली. मग खाली वाकून तिने डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखालची घडी ओढून काढली. तपकिरी कागदाची घडी. मीच घातली होती ती. लॅबमध्ये कवळ्यांची मापं यायची तसल्या कोऱ्या पाकिटाची.

"ही पाकिटं अजून आहेत?"

"चमच्यांच्या खणात गठ्ठा पडलाय. काटकसर म्हणून जमवायची ती."

"कसली काटकसर!" धाकटी खणाकडे धावली. गठ्ठा उपसून तिने टेबलावर टाकला आणि पाकिटं पसरली. वरची कोरी होती. खालच्या तीन-चार पाकिटांना मधोमध गोल भोक होतं आणि भोवती चार बारीक भोकं. पिस्टन जाईल एवढं गोल, बोल्ट जातील एवढी बारीक.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. वर्षभर मी त्या खणातून चमचा काढून खात होतो.

मी एक पाकीट बोटांत धरलं. पातळ, पण चिवट. दुकानातल्या काळ्या गॅस्केटचा तुकडा दुसऱ्या हातात घेतला. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाकिटाचे तीन-चार थर एकावर एक ठेवले तेव्हा कुठे त्या एका गॅस्केटची जाडी झाली.

"धाकटे! सिलिंडर उंच बसलाय!"

"म्हणजे?"

"रेघ ओढायच्या आधी ती सिलिंडर तिच्या कागदावर बसवून माप घेणार ना? मी खाली जाड गॅस्केट घातलं. अख्खा सिलिंडर वर उचलला गेला, खिडकीसकट! पोर्ट घासून उंच झालेला नाही. मी त्याला पाट घालून बसवलाय!"

"म्हणजे कागद घातला की..."

"सगळं खाली येईल. तिने ठरवलं होतं तिथे."

धाकटी मला मिठी मारायला आली, मग माझे तेलकट हात बघून मध्येच थांबली आणि माझ्या पाठीत जोरात धपाटा घातला.

एक भीती होती. सिलिंडर खाली आला की वरचं हेडही खाली येतं. पिस्टन हेडला टेकला तर पहिल्याच फेरीत तुकडे. मी पाकीट कापून गॅस्केट बनवलं, वेडंवाकडं झालं म्हणून टाकलं आणि परत बनवलं. हातोडी जरा जोरात बसली की कागद चुरगळायचा. तिसरं बरं जमलं. त्याला तेलाचा हात लावला, सिलिंडर बसवला, प्लगच्या भोकातून सोल्डरची मऊ तार आत घातली आणि इंजिन हाताने फिरवलं. तार दबते आणि तिची जाडी मोजली की पिस्टन आणि हेडमधली जागा कळते. तुटून आली तर संपलं.

"काढा ना बाहेर," धाकटी म्हणाली.

"काढतो ना."

"काढा की!"

तार बाहेर आली. टोक चपटं झालेलं, नखासारखं पातळ, पण अखंड. मी माप लावलं आणि हसायला लागलो. जागा तेवढीच होती जेवढी असायला हवी. ना केसभर जास्त, ना कमी. म्हणजे हेडसुद्धा तिने त्या कागदाच्या हिशोबाने घासून ठेवलं होतं.

रविवारची सकाळ गार होती. गार हवा दाट असते आणि दाट हवेला पेट्रोल जास्त लागतं, म्हणून मी एक नंबर मोठा जेट लावला. हे माझं खातं, इथे मी कोणाला विचारत नाही. धाकटीने गाडी तापवायला एक फेरी मारली, पट्टीच्या शेवटी पूर्ण वेगात इंजिन बंद केलं आणि तशीच घरंगळत आली. मी प्लग काढला. चहाचा रंग.

"कशी आहे?" मी विचारलं.

हेल्मेटच्या काचेतून फक्त डोळे दिसत होते, आणि ते हसत होते.

सगळ्यांनी गाड्या रांगेत लावल्या. झेंडेवाला पुढे आला. तो बेकरीवाल्याचा साडू. सगळ्यांना माहीत होतं, पण दुसरा कोणी झेंडा धरायला तयार नसतो, उन्हात उभं राहावं लागतं.

झेंडा पडला. पन्नास सीसीच्या दहा-बारा गाड्या एकदम सुटल्या की असं वाटतं, कोणीतरी मधमाश्यांच्या पोळ्यात लाथ मारली. निळा धूर, तेलाचा गोड वास. धूर निवळला तेव्हा बेकरीवाला पुढे होता आणि धाकटी पाचवी. सुरुवात तिची नेहमीच वाईट. बसची सवय, आधी आरसा बघते.

पहिलं वळण. मी कान टवकारले. आवाज खाली आला, आणखी खाली, आणि आता घर्र होणार म्हणून मी दात आवळले. घर्र झालं नाही. आवाज खालूनच भरून आला, जिन्याच्या पायऱ्या एका दमात चढाव्यात तसा चढत गेला आणि वर जाऊन तोच कालचा उंच सूर. तिने वळणातून निघता निघता एकाला मागे टाकलं. पुढच्या वळणात दुसऱ्याला. मी टायरांच्या ढिगावर चढलो.

"खाली उतरा काका, पडाल!" कोणीतरी ओरडलं.

मी उतरलो नाही. अर्ध्या शर्यतीपर्यंत ती दुसरी आली होती आणि मग खरी मजा सुरू झाली. सरळ पट्टीवर बेकरीवाला वजनाने भारी असूनही तसूभर पुढे सरकायचा, वळणात धाकटी तेवढं भरून काढायची. प्रत्येक फेरीला तसंच. तिचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाजवळ यायचं आणि परत लांब जायचं. मी काय ओरडत होतो ते मला आठवत नाही. नंतर लोकांनी सांगितलं की मी बायकोचं नाव घेऊन ओरडत होतो. असेन.

शेवटची फेरी. शेवटचं वळण अगदी आवळलेलं, पायी चालल्यासारखं घ्यावं लागतं. बेकरीवाला आत शिरला. धाकटी बाहेरून आली, लांबून, आणि त्याच्या आधी तिने मूठ पिळली. इतक्या खालच्या वेगात कालची गाडी मेलीच असती. आजच्या गाडीने पुढचं चाक किंचित उचललं. दोघे शेजारी शेजारी पट्टीवर आले, हँडल हँडलला लागेल असे. बेकरीवाला टाकीवर पालथा झोपला. धाकटीही झोपली. दोन सूर एकात मिसळले आणि दोघे झेंड्यासमोरून गेले.

मग कोणालाच काही कळेना. सगळे झेंडेवाल्याकडे बघायला लागले. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि साडूकडे बघितलं.

"बाई पुढे होत्या," तो म्हणाला. "अर्धं चाक. आता माझ्या घरी आठवडाभर पाव येणार नाही."

मी टायरांवरून उडी मारली आणि खरंच पडलो. गुडघा फुटला. धाकटी गाडी तशीच सोडून पळत आली, मी खाली बसलेलो, तीही खाली बसली आणि आम्ही दोघे धावपट्टीवर बसून वेड्यासारखे हसत होतो आणि रडतही होतो. बेकरीवाल्याने येऊन आम्हा दोघांना हाताला धरून उठवलं.

"काल तर मेली होती," तो म्हणाला. "रात्रीत काय खाऊ घातलंत?"

"कागद."

"सांगायचं नसेल तर सांगू नका."

आमच्याकडे पद्धत आहे, पहिल्या तिघांची इंजिनं शर्यत संपल्यावर सगळ्यांसमोर उघडायची. तपासनीस मापं घेतो, सीसी मोजतो. तो पूर्वी शाळेत सुतारकाम शिकवायचा, बोटाने सगळं समजतं त्याला. त्याने आमचा सिलिंडर काढला, माप घेतलं, मान हलवली. मग करंगळी धुराच्या खिडकीत घालून वरच्या कडेवरून सावकाश फिरवली. भोवती सगळे गोळा झालेले, बेकरीवाला सगळ्यात पुढे.

"कोणाचं काम?" त्याने विचारलं.

"अर्धं माझ्या बायकोचं," मी म्हणालो. "अर्धं माझं."

त्याने परत बोट फिरवलं. डावीकडून उजवीकडे. मध्ये थांबला.

"डावं तिचं," तो म्हणाला.

सगळे हसले. बेकरीवाला सगळ्यात मोठ्याने. मलाही हसू आलं. मग तपासनीसाने सिलिंडर बेकरीवाल्याकडे दिला, त्याने बोट घालून बघितलं आणि पुढच्याकडे दिला. असा तो हातोहात फिरत राहिला. प्रत्येक जण डाव्या बाजूला बोट जरा जास्त वेळ ठेवत होता. मी कोणाला घाई केली नाही.

सिलिंडर उघडताना कागद फाटला होता, तो फाटणारच. संध्याकाळी कप टेबलावर ठेवला, गाडी शेजारी उभी केली आणि खणातून कोरं पाकीट काढलं. केसच्या तोंडावर ताणून धरलं आणि लहान हातोडीने कडेने ठोकायला लागलो. टक, टक, टक.

धाकटी गॅलरीत कार्ब्युरेटर धूत होती. तिचे हात थांबल्याचं मला ऐकू आलं. मी ठोकत राहिलो.

थोड्या वेळाने बाहेरून तिचा आवाज आला.

"हळू, भाऊजी. खिळा ठोकताय का? ताईचा हात हलका होता."

मी हातोडी दांड्याच्या टोकाला न धरता डोक्याजवळ धरली आणि परत सुरू केलं. टक टक टक टक.

"आता?" मी विचारलं.

"आता बरं आहे," ती म्हणाली आणि परत कार्ब्युरेटर धुवायला लागली.